हक्कसोड

कर्वेनगरहून मी माहेरी पोचले, तर ओसरीवर साडी-चोळीचं ताट सजवून ठेवलेलं आणि शेजारी हक्कसोडपत्र. पुण्यानं आमचं गाव गिळलं, ज्वारीच्या वावरात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवल्या आणि एकाएकी गावातल्या साऱ्या भावांना बहिणींची माया आली.

"प्रेमलाक्का, तेवढा अंगठा दे... म्हंजी सही," धाकटा भाऊ साईनाथ म्हणाला. मी शाळेत शिकवते, हे त्याला ऐनवेळी आठवलं. "रीतच हाय आपली."

खुर्चीत शेफाली बसली होती. मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी, आमच्या चालीरीतींवर प्रबंध लिहायला महिनाभर साईनाथकडे राहिलेली. शिकलेली पोर माझी बाजू घेईल, अशी मला भाबडी आशा.

"मावशी, बाहेरच्या मोजपट्टीनं कुठलंच कल्चर मोजू नये," ती समजावू लागली. "सगळ्यांना समान हक्क ही मुळात युरोपातली कल्पना. इथे बहीण वाटा सोडते, भाऊ तिचं माहेर टिकवतो. त्याला स्वतःचं एक लॉजिक आहे."

"बघ! पुस्तकातबी हाय!" साईनाथ खूश.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनंही मामांसाठी असाच अंगठा दिला होता. आमचे वडील गेल्यावर ती मामांच्या दारी गेली, तेव्हा तिला कुणी बस म्हटलं नाही.

"शेफाली, या कागदाचं नाव वाच."

"हक्कसोडपत्र."

"हा शब्द युरोपातून आला का गं? नसलेली वस्तू कुणी सोडतं? हक्क माझा आहे, हे रीतीलाही पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर साडी देऊन सही मागतात. आणि रीत काय, एकट्या साईनाथची? मीही याच घरात जन्मले. मला विचारलंस कधी?"

शेफाली कागद पुन्हा वाचू लागली. साईनाथ मात्र उसळला. "सही न्हाई, तर माहेर तुटलं! ह्यो उंबरा वलांडायचा न्हाई!"

काळजात चर्र झालं, खोटं कशाला बोलू? याला मी कडेवर घेऊन वाढवलं होतं. मी ताट उचलून त्याच्या बायकोच्या हातात दिलं. मग तिन्हीसांजेला, आई कधीच बसू द्यायची नाही त्या उंबऱ्यावर जाऊन ऐसपैस बसले.

"आपण दोघंच भावंडं. उंबरा निम्मा माझा," मी म्हणाले. "तुझा निम्मा कुठला, ते तू ठरव. मी बसलेय."