पाव्हण्याला गवत कसं घालायचं?

मी पाव्हणा बोलतोय. हो, हे माझं नावच आहे. जातीने मी ससा. रंग पांढरा, डाव्या कानावर करडा डाग, आणि वय म्हणाल तर आठाच्या घरात. सशांमध्ये हे वय आजोबांचं, त्यामुळे चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. गाजर! घरात कोणीही आलं की मला बघून तोंडातून पहिला शब्द तोच. अहो, तुम्हाला जिलबी आवडते म्हणून तुम्ही सकाळ-दुपार-संध्याकाळ जिलबीच खाता का? नाही ना? मग मलाच काय ती शिक्षा! भाजीवाला भय्यासुद्धा रोज सांगायचा, "भाभी, खरगोश के लिए गाजर ले जाओ, एकदम मीठा है." मीठा आहे हीच तर भानगड आहे, पण हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म भाईंदरजवळच्या वरसाव्याचा. धर्माजी नावाचा एक म्हातारा कोंबड्यांबरोबर ससे पाळायचा, त्याच्या अंगणात आम्ही पाच भावंडं जन्मलो. तिथे खाण्याचे लाड काहीच नव्हते. सकाळी गवताचा भारा पडायचा, संध्याकाळी पडायचा, आणि मधल्या वेळात आम्ही कुरकुर करत तोच संपवायचो. दात झिजत होते, पोट चालत होतं, आणि आपण सुखी आहोत हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

एक दिवस कोंडिराम आले. ते भाईंदरच्या एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. नऊ वर्षांच्या लेकीला, संघप्रियाला, ससा हवा होता. धर्माजीने मला कानाला धरून नाही, नीट पोटाखाली हात घालून उचललं आणि त्यांच्या पिशवीत ठेवलं. म्हणाला, "गवात घाल त्याला. सुका गवात आन पानी. दुसरा काय लागत न्हाय." कोंडिरामांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

भाईंदरमध्येच, जेसल पार्कला, खाडीच्या बाजूच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर यांचं घर. संघप्रियाने मला बघून आनंदाने अशी किंकाळी मारली की मी पिशवीतच गोळा झालो. सफरचंदाची लाकडी पेटी, तिच्यात जुनी साडी, झालं माझं बिऱ्हाड. मग तिची आई वैजयंता पुढे आली. तिने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या नावाचा नाही, पोटाचा.

"काय खातंय हे?"

"गवत," कोंडिराम म्हणाले.

तिचा चेहरा एकदम बदलला. "गवत? माज्या घरात? अहो, आपल्या दारात आलेला पाव्हणा हाय हा. पाव्हण्याला गवत कसं घालायचं? नाही. माज्या घरात कुणी गवत खायचं नाही, मुकं जनावर असलं तरी नाही."

"अगं, पण तो म्हातारा..."

"म्हाताऱ्याचं म्हाताऱ्यापाशी."

विषय संपला. मला नाव मिळालं आणि माझं गवत गेलं, दोन्ही एकाच वाक्यात.

पुढचं वर्ष म्हणजे नुसती चंगळ. दुधात कुस्करलेली पोळी, वरणभात, गूळ, चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्कीट. आणि अर्थातच गाजर. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं! मी असा हावरट झालो की डब्याचं झाकण वाजलं तरी मागच्या पायांवर उभा राहायचो. वैजयंता पदराला हात पुसत हसायची, "बघा कसं लेकरासारखं मागतंय." स्वतः जेवायच्या आधी ती माझी वाटी भरायची. ती भरलेली आहे की नाही हे दिवसातून दहादा वाकून बघायची. इतकं का बघते हे मला समजत नसे.

शेजारच्या चंपाबाई रत्नागिरीच्या. त्या एकदा म्हणाल्या, "अगो वैजू, सशाला चपाती काय घालतेस? आमच्याकडचे ससे पालापाचोळा खातात."

"तुमच्याकडचे खात असतील," वैजयंता म्हणाली. ती चंपाबाईंशी असं तुटक कधी बोलत नसे. पावसाळ्यात चंपाबाई रेल्वेपलीकडच्या माळावरून टाकळ्याची कोवळी पानं खुडून भाजी करायच्या आणि हौसेने वाटीभर द्यायच्या. यांच्या गावाकडे त्याच पाल्याला तरोटा म्हणतात. वैजयंता वाटी घ्यायची, गोड बोलायची, आणि दार लागलं की भाजी नवऱ्याच्या ताटात सरकवायची. एक घाससुद्धा तिने कधी तोंडात घातला नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, आणि भलं मोठं पातेलं भरून खीर. माझ्या वाटीतही खीर, वर दोन बदाम. येणारा प्रत्येक जण मला चमचाभर भरवत होता. मीही नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. लेंड्या बंद. वाटीजवळ जावं आणि परत यावं. खरं तर महिनाभर चावताना काहीतरी खुपत होतं, पण मऊ अन्नाला चावायचं काय! संघप्रिया पेटीजवळ बसून रडायला लागली. कोंडिराम कामावर गेले होते. वैजयंताने मला पदराखाली घेतलं, लेकीला बरोबर घेतलं आणि रिक्षा करून गुरांच्या डॉक्टरकडे निघाली. वाटेत तिचं काळीज धडधडत होतं. मला ते पाठीला लागत होतं.

डॉक्टरांनी माझा ओठ वर केला. "ताई, याला खायला काय घालता?"

तिने अभिमानानेच सांगितलं. दूधपोळी, भात, बिस्कीट, खीर. "कशालाच कमी करत नाही, साहेब."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याला उपाशी मारताय."

"उपाशी? मी?"

"हे दात बघा. सशाचे दात जन्मभर वाढतात. दिवसभर गवत चावलं तरच झिजतात. याचे वाढून वाकडे झालेत. आणि याच्या आतड्याला गवताचा चोथा लागतो, तो नसला की सगळं आत अडकतं. पोळी, भात, बिस्कीट, दूध, सगळं बंद. वाळलेलं गवत, हवं तेवढं. पाणी. वर मूठभर मुळ्याचा पाला नाहीतर कोथिंबीर. गाजर म्हणाल तर बोटाच्या पेराएवढं, कधीतरी." त्यांनी माझे पुढचे दात कापले, सुई टोचली. "आता याने आजच्या दिवसात गवताला तोंड लावलं तर वाचेल. नाही लावलं तर मी काही सांगू शकत नाही."

वैजयंताने मला घरी ठेवलं आणि एकटीच बाहेर पडली. तासाभराने म्हशींच्या तबेल्यातून वाळलेल्या गवताची पेंढी काखेत घेऊन आली. जिन्यात कुणी बघेल याची लाज तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. पण जमिनीवर बसून तिने ते निवडायला घेतलं तेव्हा मी चकित झालो. ओलसर वासाचं बाजूला, काटेरी बाजूला, मऊ काडीचं माझ्यापुढे. तिची बोटं भराभर चालत होती.

"आई, तुला कसं गं कळतं कुठलं चांगलं?" संघप्रियाने विचारलं.

वैजयंता थांबली. मग माझ्याकडेच बघत बोलली.

"बहात्तरच्या दुष्काळात मी तुज्यापेक्षा लहान होते. घरात दाणा नव्हता. माय खडी फोडायला जायची, आन मी गवताचं बी झाडून आणायची. त्याची भाकर करायची. तरोटा तर मीठ न घालता खाल्लाय. तुजा उत्तममामा तेव्हा तीन वर्षांचा. ती काळी भाकर तो तोंडात घेईना. मग मी आधी एक घास खायची, त्याच्यासमोर, 'लई गोड हाय रे' म्हणायची. मग खायचा. आज परभणीला मास्तर हाय, त्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं." तिने डोळे पुसले. "मी तेव्हाच ठरवलं होतं, माज्या घरात कुणी गवत खायचं नाही म्हणून. आन बघ, त्याच हट्टापायी हे लेकरू मारायला निघाले होते मी."

संघप्रिया आईला बिलगली. तिने हे आधी कधीच ऐकलं नव्हतं.

मी? मी गवताकडे पाठ करून बसलो होतो. जिभेला खिरीची सवय! पोट दुखत होतं आणि ते कोरडं काहीतरी तोंडात घ्यायची इच्छा नव्हती. वैजयंताने काडी माझ्या नाकाला लावली. मी मान फिरवली. पुन्हा लावली. पुन्हा फिरवली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं तरी ती उठली नाही.

शेवटी तिने ती काडी स्वतःच्या तोंडात घातली. दाताखाली करकर चावली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "लई गोड हाय रे, पाव्हण्या."

काडीचं दुसरं टोक तिच्या ओठांतून बाहेर आलेलं होतं. मी पुढे सरकलो आणि ते कुरतडलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. संघप्रिया कॉलेजात जाते, कोंडिरामांना चष्मा लागलाय, खाडीकडेला नव्या इमारती उठल्यात. तबेलेवाला वैजयंतासाठी गवत बाजूला काढून ठेवतो, आणि ती पेंढी घेऊन जिना ताठ मानेने चढते. चंपाबाईंची टाकळ्याची भाजीही खाते आता. पहिल्या वेळी रडत खाल्ली, नंतर म्हणाली, "कांदा जास्त घाला, बाई."

माझं मागणं एवढंच आहे. आम्हाला जीव लावता त्यात काही कमी नाही, पण तुमच्या ताटातलं तुम्हाला आवडतं म्हणून आमच्यापुढे ठेवू नका. आमचं खाणं काय आहे ते एकदा विचारा.

आता मला नीट दिसत नाही. सकाळी वैजयंता गवत घेऊन येते ते वासाने कळतं. मला शिकवायची गरज कधीच संपली, तरी पहिली काडी ती अजून स्वतःच्याच तोंडात घालते. भूक लागलेली असते, गवत नाकापुढे असतं, तरी मी हात... म्हणजे तोंड लावत नाही. तिचं चावणं ऐकू आलं की मगच खायला लागतो.