डावी बाही

“याच्या अंगावर कपडे वाळत घालायचे नाहीत हं. ओले तर मुळीच नाही. एकदा का याची खुंटी झाली, की हा कामातून गेला म्हणून समज.”

हे सांगणाऱ्या बाई नाटकांचे पोशाख तयार करायला शिकवत. ज्या मुलीला त्यांनी हे सांगितलं, ती हसली. “बाई, पुतळा आहे तो. रुसून बसणार आहे का?” असं म्हणून तिने मला कंबरेत धरून उचललं आणि संस्थेचा जिना उतरू लागली.

मित्रांनो, तो पुतळा मी. मी एक जुना शिवणकामाचा पुतळा आहे. चौकातल्या पुतळ्यांशी माझं काही नातं नाही. त्यांना डोकं असतं आणि डोक्यावर कबुतरं असतात. मला मान आहे, खांदे आहेत, कंबर आहे आणि खाली एकच लोखंडी पाय. सध्या मी तुमच्याच इमारतीच्या जिन्याच्या वळणावर उभा आहे. लपाछपीत तुमच्यातलं कुणी ना कुणी माझ्यामागे दडतं. राज्य घेणारा आला की श्वास रोखून धरतं. मलाही मग कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं.

माझं अंग कागदाचं आहे. साच्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून, थरावर थर देऊन मला घडवलं. वरून कापसाचा पातळ थर आणि त्यावर घट्ट कापडी खोळ, म्हणजे टाचणी टोचली की धरून राहते. संस्थेच्या वर्गात मी बरीच वर्षं काढली. पुढे नवे पुतळे आले, आणि आम्हा जुन्यांना विद्यार्थ्यांनी घरी न्यावं असं ठरलं. तेव्हा ती मला घेऊन आली.

ही मुलगी आधी एका विम्याच्या कचेरीत होती. खुर्ची चांगली, पंखा डोक्यावर. पण समोर बसलेल्या माणसाचं म्हणणं ऐकता ऐकता तिचं लक्ष त्याच्या कॉलरकडे जाई. हा माणूस असा एका बाजूला का झुकतो, याचा सदरा कसा बेतायला हवा, हेच डोक्यात. शेवटी तिने नोकरी सोडली आणि संस्थेत नाव घातलं.

“कपडे शिवायला कॉलेज?” तिची आई म्हणाली. “आपल्या कोपऱ्यावरचा शिंपी कुठल्या कॉलेजात गेला होता गं?”

“म्हणूनच तुझे सगळे कपडे काखेत काचतात.”

आई त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सुयांमध्ये दोरा ओवून ठेवायला लागली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. ती माझ्यावर मांजरपाटाचं कापड टाकायची, चुण्या घालायची, टाचण्या लावायची, खडूने खुणा करायची, आणि काम करताना माझ्याशी सतत बोलायची. “जरा ताठ उभा राहा की रे!” असं मला म्हणायची. मला दुसरं कसं उभं राहता येणार?

पुढे तिचं लग्न झालं आणि माहेरून ती मला घेऊन या इमारतीत राहायला आली. शेवटच्या परीक्षेसाठी तिने एका नाटकातली टपालवाली म्हातारी निवडली. तिच्यासाठी कोट करायचा होता. जन्मभर उजव्या खांद्यावर पिशवी वाहिलेली बाई. पिशवी घसरू नये म्हणून तो खांदा नेहमी उचललेला, आणि पाठीला किंचित बाक. तिने कापसाच्या घड्या बांधून माझा उजवा खांदा चढवला, पाठ वाकवली. बाई बघायला आल्या. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “ही आता दार वाजवेल असं वाटतंय.” माझी एवढी स्तुती त्याआधी कधी झाली नव्हती, आणि नंतरही नाही.

कोट जवळजवळ झाला होता. उजवी बाही बसली होती. डावी राहिली होती. तेवढ्यात तिच्या बाळंतपणाची वेळ आली.

“बाळ जरा मोठं झालं की बसतेच,” ती मला म्हणाली. मीही वाट बघत होतो.

लेक झाली. तिचा नवरा दुसऱ्या गावी कामाला. आठवड्याच्या शेवटी यायचा, बिचारा येताना फळं आणायचा आणि बसल्या जागी झोपायचा. आई काही दिवस राहून परत गेली. उरलो आम्ही तिघं. खोली लहान. दोरी भरलेली. एक दिवस तिने एक ओलं दुपटं हातात धरून इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या डाव्या खांद्यावर टाकलं. नुसतं तेवढ्यापुरतं. मग टॉवेल आला. मग झबली आली, नवऱ्याचा रेनकोट आला. कोट खाली झाकून गेला. ओल कोटातून, खोळीतून, कापसातून आत कागदापर्यंत उतरली, आणि माझा डावा खांदा हळूहळू खचला.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ती बोलायची बंद झाली. दिवसभर बाळाच्या पोटावर हात ठेवून बसायची, श्वास चाललाय ना बघायची. शेजारीण यायची, “बाळ कसं आहे?” फोन यायचा, “बाळ कसं आहे?” “छान आहे,” ती सांगायची. तेवढंच एक उत्तर तिच्याकडे उरलं होतं.

बाईंचाही फोन आला. त्या म्हणाल्या, “तुझी जागा धरून ठेवलीय गं. सुट्टी लागायच्या आत कोट आणून दाखव, म्हणजे झालं.”

एका दुपारी बाळ झोपल्यावर ती उठली. माझ्या अंगावरचे सगळे कपडे भराभर काढून खाटेवर टाकले. डावी बाही हातात घेतली आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोल कडेला, टाचायला लागली. बाही पिळल्यासारखी लोंबू लागली. तिने काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. काम सुरू करण्याआधी पुतळ्याचं माप घ्यायचं, हा संस्थेतला पहिला धडा. पण बाळ कधी उठेल याचा नेम नव्हता. एक खांदा वर, एक खाली, हे तर तिनेच केलं होतं. म्हणून माझ्या खांद्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

“शिवणाचा हात गेला माझा,” ती म्हणाली. किती तरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली, आणि हे बोलली.

मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे? बाळ रडायला लागलं. तिने कोट उतरवून पिशवीत कोंबला. दुसऱ्या दिवशी “जागा अडते” म्हणून मला इथे आणून ठेवलं. जाताना माझ्या खोळीवरची सुरकुती मात्र हाताने सारखी केली.

मित्रांनो, जे कोपऱ्यात मुकाट उभं असतं, त्याच्या अंगावर लोक ओझं टाकत जातात. तुम्ही तसं करू नका, एवढंच माझं मागणं होतं. पण आता आणखी एक आहे, आणि ते घाईचं आहे. तुमच्या शाळेला सुट्टी लागेल, तेव्हा तिच्या संस्थेलाही लागेल.

आज सकाळपासून वरचं दार उघडलेलं नाही. बाळाचा आवाज येतो, तिचा येत नाही. खेळ जरा थांबवा आणि वर जा. दार वाजवा. पहिल्यांदा उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. आणि बाळ कसं आहे, असं विचारू नका. ते सगळेच विचारतात. ती कशी आहे ते विचारा. मग तिला हाताला धरून इथे खाली आणा आणि सांगा, ताई, याचा डावा खांदा एकदा मापून बघ.