माझ्या नावाचे गिलास

आमच्या स्नेहलला काही रीत नाही. नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते आणि सुट्टीत घरी आली की कॅमेरा घेऊन माणसाच्या मागे मागे फिरते. मी एकदा विचारलंच, "काऊन वो, काय काढून राहिली माह्यं?"

"तुह्यावर फिल्म बनवून राहिली, आजी. स्वतःवरबी."

मग काय, मी जरीकाठाची निळी साडी नेसूनच वांगी चिरायला बसू लागले. आमच्या गोरेगावच्या बाजारात मला कुणी अगं-तुगं करत नाही, सरपंचाला मी तोंडावर सुनावलं होतं, हे सगळं कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं सांगितलं.

पिक्चर तयार झाल्यावर तिनं टीव्हीला तार जोडली. मी मोहल्ल्यातल्या बाया बोलावल्या. जमुनाबाईला मुद्दाम, पोरगा रेल्वेत लागल्यापासून तिची मान फार ताठ झाली आहे.

पिक्चरमध्ये माझं तोंडच नाही. नुसते हात. सैपाकघरात मी ओंजळ धरून बसलेली, सून वरून पाणी ओतते. आमगावच्या हॉटेलात समोर भरलेला गिलास, तरी माझी ओंजळ. मग नागपूरचं कँटीन, तिथं ओंजळ धरून स्नेहल. वरून तिचा आवाज: मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात धान लावताना आजीला असं वरून पाणी ओतत, भांड्याला शिवू नये म्हणून. आजीनं कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. आजीचं पाहून मीही तशीच पिते.

जमुनाबाई म्हणाली, "पार्वताबाई, साडी तं दिसलीच नाई."

विषय मोडावा म्हणून सुनेला म्हटलं, पाणी आण. तिनं गिलास पुढे केला, आणि सगळ्या बायांदेखत माझे दोन्ही हात आपोआप जुळून पुढे झाले.

घरात फळीभर स्टीलचे गिलास आहेत, प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवते. सरपंचाला सुनावणारी मी, पण माझ्या हातांपर्यंत ती बातमी कुणी पोचवलीच नव्हती.

मी गिलास हिसकावला आणि तोंडाला लावला. सवय नाही. अर्धं पाणी जरीवर, उरलेलं नाकात. जमुनाबाई पदरात हसली. स्नेहल मात्र रडवेली झाली, "आजी, चुकलं का माह्यं?"

मी तोंड पुसलं.

"खोटं काई नाई तुह्या पिक्चरमंदी, पोरी. पण अर्धंच हाये. कॅमेरा काढ, मले दुसरा गिलास भरून दे, अन् या बारीले माह्यं तोंड घेजो. ओल्या साडीसकट."