दसऱ्याचे ब्रेक पॅड

त्या वर्षी दसरा रविवारी आला आणि मिलिंदला गाडीचे मागचे ब्रेक पॅड घरीच बदलायची हुक्की आली. माझा नवरा म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. पण सोमवारी मला मिल्टन कीन्सहून नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या ड्युटीवर जायचं होतं, आणि आमची म्हातारी गाडी ब्रेक दाबला की मागून किंचाळायची. म्हणून मी त्याला नाही म्हटलं नाही.

घरात तसंही कुणी कुणाला नाही म्हणत नव्हतं. सासरे होळीच्या सुमारास गेले आणि उन्हाळ्यात आम्ही आईंना पुण्याहून इकडे इंग्लंडला घेऊन आलो. एकेकाळी माझ्या पोळ्यांवरून माझ्याशी कडाकडा भांडणाऱ्या आई आता वरच्या खोलीत खिडकीशी बसून असायच्या आणि पानात पडेल ते मुकाट खायच्या. आम्ही दोघं त्यांच्याशी पेशंटशी बोलावं तसं हळू बोलायचो. त्या अशाच विझत जातील, या एकाच भीतीने मला ग्रासलं होतं.

मिलिंदने ड्राइव्हवेवर गाडी जॅकने उचलली, खाली स्टँड लावले, मागची चाकं काढली. मागच्या ब्रेकचा पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही, फिरवत फिरवत घालावा लागतो, हे कळेपर्यंत त्याची अर्धी दुपार गेली आणि बोटांची सालटं निघाली. मग चार नवे पॅड वर्तमानपत्रावर पान्यांच्या शेजारी मांडून तो चहाला आत आला.

कप घेऊन आम्ही बाहेर आलो तर आई तिथे. अंगात मिलिंदचं जाकीट, हातात वाटी. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, ती त्या करत होत्या. प्रत्येक पान्याला, जॅकला आणि चारही नव्या पॅडना त्यांनी कुंकू लावलं होतं. कोरडं कुंकू वाऱ्याने उडेल म्हणून खोबरेल तेलात चांगलं कालवून.

मिलिंदचा चेहरा पडला. तेल लागलेले पॅड फेकूनच द्यावे लागतात. तरी तो म्हणाला, "वा आई, छान केलंस." आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मला खरंच गप्प बसायचं होतं. बाबा गेल्यापासून आईंनी आपणहून काही केलं ते हे पहिलंच. पण माझी जीभ कधी माझं ऐकते?

"आई! तेल? ब्रेकला तेल? उद्या मी मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने जाणार, थांबू कशी? कुंकवाच्या जोरावर?"

मिलिंदने डोळे मिटले. आईंनी वाटी खाली ठेवली. संपलं, मी मनात म्हटलं, आता या पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार.

"मग दसऱ्याच्या दिवशी हत्यारं मांडून ठेवायची कशाला?" आई कडाडल्या.

"तुम्ही विचारायचं तरी!"

"कुणाला विचारू? दोघं आत चहा ढोसत होतात!" मग त्या मिलिंदकडे वळल्या. "आणि तू रे? छान केलंस म्हणे! उद्या हिला काही झालं असतं म्हणजे?"

"मी दुसरे आणणार होतो ना, गुपचूप."

"गुपचूप! मी काय काचेची आहे?"

शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपण कापायचे थांबून आमच्याकडे बघत राहिले. मिलिंद पुटपुटला, "आई, संडे आहे. शॉप चारला क्लोज होतं. मी बसने पटकन जाऊन येतो."

"मीही येते. माझ्यामुळे खराब झाले, नवे माझ्यासमोर घ्यायचे." आल्यापासून फाटकाबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईने जाकिटाची चेन वर ओढली.

फाटकाशी त्या वळल्या. आवाज अजून चढलेलाच.

"इतके महिने या घरात माझ्याशी असं कुणी बोललं नाही, वीणा. मला वाटायला लागलं होतं, ह्यांच्याबरोबर मीही गेले की काय."

मला रडूच फुटलं.

"आता रडतेस काय? आत जा. भाजी खाली लागतेय, इथपर्यंत वास येतोय."