चार वाजता बोलणारं पोट

"आणि काढलेल्या चरबीचं काय करता?" चनमल्लप्पानं विचारलं.

"टाकून देतो की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चनमल्लप्पानं दोन्ही हात पोटावर ठेवले, गर्दीत खिसा सांभाळावा तसे.

हे पोट साधंसुधं नव्हतं. भवानी पेठेतल्या दुकानात तो तीस वर्षं चादरी उलगडून दाखवत होता; गिऱ्हाईक आधी पोटाला नमस्कार करायचं, मग चादरीकडे बघायचं. बायको, हेमावती, गेली तेव्हापासून सात महिने त्याला अन्न गोड लागलं नाही. गाल बसले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत चढायला लागलं, पोट मात्र सूतभर हललं नाही. आणि हयात असताना ती रोज चारच्या ज्या ठोक्याला दुकानात फोन करायची, बरोबर त्याच ठोक्याला पोटातून तिच्याच आवाजात, कानडीत यायचं, "ऊटा आतेन री?" जेवलात का? शेजारच्या बजाबाईनं भिंतीला कान लावून ऐकलंय. खोटं वाटत असेल तर तिला विचारा.

चनमल्लप्पा उत्तरही द्यायचा. म्हणून तर मुलीनं, चंद्रिकानं, त्याला इथं आणलं होतं. पोट गेलं की आईही अप्पांना सोडेल, अशी तिची समजूत.

"सर्जरीच करा मॅडम," ती म्हणाली. "एका दिवसात मोकळे होतील."

"नळीनं ओढून काढू. भूल द्यावी लागेल, नंतर पट्टा, थोडा आराम. नाहीतर मशीननं चरबी गारठवू. टाके नाहीत. पण दोन-तीन महिने लागतात, आणि सगळी जात नाही."

"गारठवलेली कुटं जाते?" चनमल्लप्पानं विचारलं.

"कुठं जाणार? शरीरच हळूहळू जिरवतं."

"मग मशीन."

"अप्पा, ऐका की जरा! लई दिवस लागतील."

"लागू दे. तुजी आई सकाळी भाकरी थापत होती आन् दुपारी न्हवती. ह्या बारीला हळू जाऊ दे."

चंद्रिकानं मशीनची तारीख घेतली.

पहिल्या महिन्यात आवाज बारीक झाला. दुसऱ्यात पोट नुसतंच खाकरायचं. तिसऱ्यात लग्नातली टेरिकॉटची पँट ढिली झाली. सव्वीस वर्षांत ती फाटली नव्हती. हेमावती दर दिवाळीला मागची शिवण उसवून कंबर सूतभर वाढवायची.

सुटीच्या दुपारी चनमल्लप्पा पँटची कंबर आवळायला सुईदोरा घेऊन बसला. शिवण उसवली. आत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा, पार लग्नाच्या वर्षापर्यंत गेलेल्या. त्यानं सगळ्यात जवळची रांग धरली. सुई आपली वाट माहीत असल्यासारखी भोकाभोकातून गेली.

मशीनची दुसरी खेप ठरवायला दवाखान्यातून फोन आला. "ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. "उरलंय तेवढं असू दे."

चार वाजले. पोट गप्प. चनमल्लप्पानं दातानं दोरा तोडला आणि मांडीवरच्या पँटला हळूच विचारलं, "ऊटा आतेन?"

 मग तो उठला आणि चंद्रिकानं सकाळी ठेवलेला जेवणाचा डबा त्यानं उघडला.