नोंदणी प्रथमेशच्या नावावर

मी सायकल बोलतेय. रंग करडा, पुढे जाळीची टोपली, मागच्या मडगार्डवर थोडा गंज, मुक्काम क्योतो, जपान. मला चालवते चैत्राली, पण इथे सायकलचीही नोंदणी असते आणि माझ्या दांडीवरच्या पट्टीत जो नोंदणीचा नंबर होता, तो तिच्या नवऱ्याच्या नावावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्या पट्टीमुळे घडलं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझी पहिली मालकीण कॉलेजातली मुलगी. ती शिकून गावी गेली आणि मी जुन्या सायकलींच्या दुकानात आले. तिथे प्रथमेशने माझे ब्रेक चार वेळा दाबून पाहिले, टायर चेपले, घंटी वाजवली. पुणेकर माणूस, भाजी घेतानाही असाच वागत असणार. तो इथल्या विद्यापीठात पीएचडी करतो. चैत्राली पुण्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आली आणि एका बेकरीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करू लागली. दोन महिन्यांत प्रथमेश मला विसरला आणि मी तिची झाले.

बेकरीत मोरिता-सान नावाच्या साठीच्या बाई आहेत. रविवारी सकाळी त्या कधी कामावर येत नाहीत. का, ते चैत्रालीनेच विचारलं. ‘चर्चला जाते,’ एवढंच त्या म्हणाल्या. मोरिता-सान विचारल्याशिवाय स्वतःचं काही सांगत नाहीत आणि आमची चैत्राली विचारल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे दोघींचं छान जमलं.

मग सुट्टीत ती मला कामो नदीच्या काठावर उभी करून फोनवर मराठी बायबल वाचू लागली. कधी वाचता वाचता डोळे पुसायची. कधी वैतागून फोन माझ्या टोपलीत टाकायची आणि पाच मिनिटांनी परत उचलायची. सहा महिने हे चाललं. मग एका रविवारी आम्ही चर्चच्या गल्लीत गेलो. आत वीसेक माणसं, बहुतेक म्हातारी, आणि दारात सपातांचं कपाट. घरी तिने सांगितलं, रविवारची शिफ्ट मिळाली आहे.

पुढच्या हिवाळ्यात तिने ठरवलं, ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, तिला दारापर्यंत सोडायला यायचे आणि दर वेळी तेच विचारायचे, “नवऱ्याशी बोललात का?”

“पुढच्या आठवड्यात, सेन्सेई.”

ईस्टर जवळ आला. पाळकांनी स्पष्ट सांगितलं की घरी लपवून ते बाप्तिस्मा देणार नाहीत. चैत्रालीला एकच भीती होती, प्रथमेश कायमचं तोंड फिरवेल. मलाही ती वाटायची. खोटं बोललेलं त्याला अजिबात खपत नाही.

गल्लीच्या तोंडाशी ‘सायकली लावू नका’ अशी पाटी आहे. चैत्रालीला बोलता येतं तेवढं जपानी वाचता येत नाही. आणि वाचता आलं असतं तरी ‘एवढ्यानं काय होतंय’ हा आपला स्वभाव! मार्चमधल्या एका रविवारी हातमोजे घातलेली दोन माणसं आली, मला अलगद उचलून ट्रकात ठेवलं आणि जप्त सायकलींच्या आवारात नेलं. शेकडो सायकली होत्या तिथे. एवढ्या गर्दीत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी दोघं मला न्यायला आली. प्रथमेशच्या हातात नगरपालिकेचं पोस्टकार्ड होतं, पट्टीवरच्या नंबरावरून त्याच्या नावावर आलेलं. चैत्रालीचे डोळे सुजले होते.

“तू म्हणालीस बेकरीसमोरून चोरीला गेली,” तो म्हणाला. “मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो, इथेपण सायकली चोरतात म्हणून. आणि हे कार्ड म्हणतंय, रविवार सकाळ, चर्चची गल्ली.”

“मला खरंच वाटलं चोरीला गेली. कुठून, ते खोटं सांगितलं.”

“तुला कोणी प्रेशर केलं का?”

“नाही.”

“मग काय, नवसबिवस?”

“नाही रे. दीड वर्ष वाचतेय. मला येशू खरा वाटतो. त्याच्या मागे जायचंय मला. तुला चल म्हणत नाहीये.”

“दीड वर्ष! आणि मला पोस्टकार्डानं कळतंय.”

“लपवलं ते चुकलं. तेवढंच चुकलं.”

खिडकीतल्या माणसाने कागद पुढे केला. प्रथमेशने सही केली.

“आईला काय सांगायचं? गणपतीत काय करणार तू?”

“आईंना मी सांगेन. मोदक करीन. आरतीला उभी राहणार नाही.”

तो माझं हँडल धरून चालू लागला. घर तासाभराच्या अंतरावर. दोघं चालत राहिली, बसलं कोणीच नाही.

नऊ दिवस घरात अबोला होता. दहाव्या दिवशी प्रथमेश मला दुकानात घेऊन निघाला आणि चैत्रालीलाही चल म्हणाला. दुकानदाराने जुनी पट्टी खरवडून काढली आणि तिच्या नावाची नवी लावली.

“चालवतेस तू,” प्रथमेश म्हणाला. “पुढचं कार्ड तुझ्या नावानं येऊ दे. मला मात्र तू तोंडानं सांग.”

ईस्टरला ती एकटीच गेली आणि बाप्तिस्मा घेऊन ओल्या केसांनी परत आली. वर दोघांनी वरणभात खाल्ला असणार. मी खालीच होते.

त्याला हे अजून पटलेलं नाही. सासूबाईंना तिने स्वतः फोन केला, त्या अजून तिच्याशी बोलत नाहीत. ती रडते आणि तरीही जाते. माझी चेन हल्ली कुरकुरते. मी तरी कुणाला काय शिकवणार? पण माझं ऐकाल तर सायकल जागेवर लावा आणि कुठे जाता ते घरच्यांना कागदावरून कळू देऊ नका.

दर रविवारी सकाळी प्रथमेश खाली येतो आणि माझ्या टायरमध्ये हवा भरतो. त्याला सगळं ठाऊक असतं, तरी विचारतो, “कुठे चाललीस?”

“चर्चला,” ती म्हणते.

मग तो माझं हँडल तिच्या हातात देतो.