पारजिटरांच्या शेडमधलं चाक

एकोणीस वर्षं मी ते चाक बघत होते. टपालाची पिशवी घेऊन चर्च लेनचा चढ चढायचा, शेवटच्या घराच्या फाटकाशी सायकल टेकवायची आणि दाराच्या फटीत पत्रं सरकवण्याआधी मान जराशी डावीकडे वळवायची, हा माझा रोजचा चोरटा कार्यक्रम. तिथे पत्र्याची शेड होती. शेडच्या दाराची खालची फळी तुटली होती आणि त्या भगदाडातून ताडपत्रीखालचं अर्धं चाक दिसायचं. बारीक तारांचं, मधोमध दोन पंख फुटल्यासारखा नट असलेलं. असलं चाक कुठल्या गाडीला असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझे वडील शेजारच्या गावातल्या मोटारींच्या कारखान्यात होते. दोन सीटच्या, बुटक्या, उघड्या गाड्या बनायच्या तिथे. वडिलांचं काम एकच, समोर येणाऱ्या प्रत्येक गाडीला बॅटरी जोडायची. हजारो गाड्यांना जोडली असेल, स्वतःची गाडी मात्र एकही झाली नाही. रविवारी ते लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचे आणि मी शेजारी दिवा धरून उभी राहायचे. "ग्वेन," ते म्हणायचे, "आपल्या गाड्यांत अधिक टोक बॉडीला. उणे टोक बॉडीला लावायची ती नवी फॅशन. तिच्या नादी लागू नकोस, सगळं जाळून बसशील." शाळेतले पाढे मी विसरले, पण हे विसरले नाही.

त्या घरात मिस्टर पारजिटर एकटे राहायचे. उंच, वाकलेले, कायम कोट घातलेले. मी या फेरीवर आले तेव्हा पहिले काही महिने मिसेस म्युरियल पारजिटर या नावाची पत्रं यायची. मग ती थांबली आणि दर फेब्रुवारीत एक फुलांच्या बियांचा कॅटलॉग तेवढा त्या नावाने येत राहिला. बाई गेल्याचं मला पोस्टात कळलं. मी एका शब्दाने काही बोलले नाही. त्यांनी दार उघडलं की ते म्हणायचे, "पाऊस येईलसं वाटतं," आणि मी म्हणायचे, "हो, ढग आहेत खरे." एकोणीस वर्षांत आमचं बोलणं ढगांच्या खाली उतरलं नाही.

मग एका गुरुवारी सकाळी पोस्टाच्या खिडकीत ते कार्ड लागलं. 'मोटारगाडी. दोन सीट. १९५९. अर्धवट खोललेली. चांगल्या घरी द्यायची आहे. आठशे पौंड, घासाघीस नको. शनिवारी अकरापासून. पारजिटर, चर्च लेन.'

मी ते कार्ड दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, शेजारचं मांजराच्या पिल्लांचं कार्ड मी हळूच त्याच्यावर सरकवलं. दुपारी मन खायला लागलं म्हणून परत बाजूला केलं. पण तेवढ्या चार तासांत ज्यांनी कार्ड वाचलं नसेल, त्यांचं वाईट मला आजही वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, रोज जातेस त्या दारात, वाजवायचं होतं की दार गुरुवारीच. आमच्याकडे तसं चालत नाही. शनिवार म्हटलं की शनिवार.

घरी लायनलला सांगितलं. लायनल माझा नवरा, माणूस चांगला, पण नाही म्हणायची सवय जन्मजात.

"गॅरेजमध्ये आधीच गवत कापायची दोन यंत्रं मरून पडली आहेत," तो म्हणाला. "तिसरं मढं कुठे ठेवणार?"

"यंत्रं तुझी आहेत."

"ती मी दुरुस्त करणार आहे."

"बारा वर्षं झाली."

"मग? तुझी गाडी काय बारा दिवसांत होणार आहे?"

वाद मी तिथेच सोडला. पण रात्री मी पासबुक उशीखाली घेऊन झोपले, आणि ते त्याने बघितलं.

शनिवारी मी अकराच्या आधीच पोचले, तरी माझ्या पुढे चार जण होते. ताडपत्री काढलेली होती. मी गाडी पूर्ण अशी पहिल्यांदा पाहिली आणि हसू आवरेना. हिरवा रंग उडून खाली गंज, एक दिवा नाही, तळाच्या लाकडी फळ्या कुजून खालची माती दिसत होती, डाव्या सीटवर सुट्या भागांची खोकी छातीपर्यंत रचलेली. आणि तरी तो पुढच्या चाकांवरचा गोल उतार, ती बुटकी काच. देवा, काय सुंदर होती. दाराला बाहेरून कडीच नसते तिच्या. आत हात घालून दोरी ओढायची असते. मी ओढली. दार उघडलं. माझं वय बावन्न होतं आणि नाचायचं तेवढं बाकी होतं.

मिस्टर पारजिटर एका उलट्या पेटीवर थर्मास घेऊन बसले होते. पायाशी चार्ज केलेली बॅटरी आणि पेट्रोलचा डबा. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, "बॅटरी जोडा आणि पेट्रोलचा पंप वाजवून दाखवा. बाकी काही नको."

हा पंप विजेवर चालतो आणि सीटमागे खाली कुठेतरी असतो. चालू झाला की टिकटिक करतो. त्या गाड्यांचा तो पहिला श्वासच म्हणा.

पहिल्या तिघांनी बॅटरी नव्या फॅशनने जोडायला घेतली, म्हणजे उणे टोक बॉडीला. त्यांना मिस्टर पारजिटरांनी आधीच हात आडवा करून थांबवलं आणि घरी पाठवलं. मी मनातल्या मनात मान डोलावली. बरोबर, असल्या अडाण्यांना कोण गाडी देईल?

चौथा मात्र व्यापारी होता. जुन्या गाड्या घेऊन, चकचकीत करून परदेशात धाडणारा. मेणकापडाचं जाकीट, स्वतःची हत्यारं, स्वतःचे हातमोजे. त्याने खाली वाकून न बघताच सांगितलं, "पंप मागच्या बाजूला. अधिक टोक बॉडीला. अशा चाळीस गाड्या केल्यात मी, सर." आणि त्याने अधिकची वायर उचलली.

संपलं. याला सगळं येतंय.

"नको," मिस्टर पारजिटर म्हणाले आणि त्यांनी बॅटरीवर हात ठेवला. "आभारी आहे."

"काय नको? बरोबर आहे हे. पुस्तकात बघा."

"पुस्तक पाठ आहे मला. आभारी आहे. पाऊस येईलसं वाटतं."

आभाळात एक ढग नव्हता. व्यापारी दीडपट पैसे बोलला, मग दुप्पट, मग म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं मला सांगून निघून गेला. "तुम्ही आता काय करणार, बाई, सायकलचा पंप लावणार?" हेही म्हणाला.

आता मी एकटीच उरले होते. माझ्या हातात दोन वायरी होत्या. वडिलांनी शिकवलेलं तेच त्या माणसाने केलं होतं आणि त्याला नकार मिळाला होता. नव्या फॅशनवाल्यांनाही नकार मिळाला होता. मग जोडायचं तरी कसं? एक तर म्हाताऱ्याला गाडी द्यायचीच नाही, नाहीतर या गाडीत असं काहीतरी आहे जे मला दिसत नाही. मी गुडघ्यावर बसून बघितलं. वायरींना रंग नाहीत, खुणा नाहीत. चुकले तर गाडी गेली, एकोणीस वर्षं पण गेली.

एकच गोष्ट उरली होती आणि ती करायला माझी जीभ रेटेना. आमच्याकडे माणूस वाट चुकला तर संध्याकाळपर्यंत गोल गोल फिरेल, पण विचारणार नाही. विचारलं म्हणजे समोरच्याच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसलं. शिवाय आपल्याला येत नाही हेही कळलं.

मी वायरी खाली ठेवल्या.

"मिस्टर पारजिटर," मी म्हणाले, "ही तुमची गाडी आहे. तुम्ही कशी जोडत होता?"

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. सावकाश. मला वाटलं, गेलं.

"उणे टोक बॉडीला," ते म्हणाले. "अडुसष्ट सालापासून."

"म्हणजे पहिले तिघं बरोबर होते?"

"जोडत बरोबर होते. पण त्यांना वाटलं सगळ्याच गाड्या तशा असतात. आणि त्या जाकीटवाल्याला वाटलं सगळ्याच जुन्या गाड्या तशा असतात. या गाडीबद्दल कुणालाच काही वाटलं नाही."

"त्यांना सांगायचं होतं मग."

"त्यांनी विचारलं नाही."

मी वायरी जोडल्या. मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली. पेट्रोलची नळी डब्यात सोडली, मग किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. पण पंप गप्प. मी वाट पाहिली. गप्पच.

हे मात्र मला येत होतं. इतक्या वर्षांनी पंप अडकतोच. मी पायातला बूट काढला, सीटमागे हात घातला आणि बुटाच्या टाचेने पंपाला एक ठोसा दिला.

टिक.

मी आणखी एक दिला.

टिक. टिक. टिकटिकटिकटिक.

"चाललाय!" मी ओरडले. पोस्टाच्या गणवेशाशिवाय मी त्या आवारात पहिल्यांदाच आले होते आणि एका पायात बूट नसताना ओरडत होते. मिस्टर पारजिटर उभे राहिले होते. पेट्रोल भरत गेलं तशी टिकटिक मंदावली आणि थांबली, थांबायला हवी तशीच.

मग ते डाव्या बाजूला आले आणि सीटवरची खोकी एकेक करून उतरवू लागले. मी मदत केली. खोक्यांच्या मागे, डॅशबोर्डखाली, एक छोटा काळा रेडिओ होता. त्यांनी बटण फिरवलं. खरखर झाली, मग एक माणूस अगदी शांतपणे बोलायला लागला. क्रिकेटचं समालोचन. आपले चार गडी बाद झाले होते आणि धावा एक्केचाळीस.

"काही बदललं नाही," मिस्टर पारजिटर म्हणाले आणि त्यांनी रेडिओवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "म्युरियलला प्रवासात सामने ऐकायचे असायचे. हा रेडिओ नव्या जोडणीचा. गाडी जुन्या जोडणीची. रेडिओची जोडणी फिरवता येईना, म्हणून मी अख्ख्या गाडीची फिरवली. त्या जाकीटवाल्याने जोडली असती तर हा जळून गेला असता."

आता मात्र मला राहवेना. "त्यांच्या नावाची पत्रं मीच आणत होते," मी म्हणाले. "तेव्हा तुम्हाला एका शब्दाने विचारायला हवं होतं मी. मी ढगांबद्दलच बोलत राहिले."

"तो बियांचा कॅटलॉग तुम्ही परत पाठवू शकला असता."

"पाठवायला हवा होता. नियम तसा आहे."

"नाही पाठवलात ते बरं केलंत," ते म्हणाले. "वर्षातून एकदा तिचं नाव छापलेलं काहीतरी दारात पडायचं."

तेवढ्यात लायनल आला. वेडेपणा कुठवर पोचलाय ते बघायला, असं तो म्हणाला. त्याने गाडी बघितली, तळातून दिसणारी माती बघितली, माझा एक अनवाणी पाय बघितला.

"घेतलीस?"

"अजून त्यांनी हो म्हटलं नाही."

"दोरखंड आहे का तुमच्याकडे?" मिस्टर पारजिटरांनी त्याला विचारलं. "उतार आहे, आणि हँडब्रेकवर माझा अर्धाच विश्वास आहे."

हे 'हो' होतं. लायनलला ते माझ्याही आधी कळलं, कारण तो दोरखंड आणायला पळाला. जाताना म्हणाला, "यंत्रं अंगणात काढतो," आणि मी त्याच्यावर इतकं प्रेम लग्नातही केलं नव्हतं.

अर्ध्या तासाने आमची मिरवणूक निघाली. मी उजवीकडे, स्टिअरिंग धरून, पाय फळ्यांच्या सांगाड्यावर जपून ठेवलेले. डावीकडे कोट घातलेले मिस्टर पारजिटर, मांडीवर एक खोकं. मागे लायनल दोरखंड धरून मागे ओढत, घामाघूम, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा शिव्या देत. इंजिन बंद, रेडिओ चालू. लोक दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी धावा विचारल्या आणि मिस्टर पारजिटरांनी सांगितल्या. हँडब्रेक वळणावर खरोखरच निम्माच लागला, लायनल पंधरा फूट घसरत आला, आणि मी मात्र मोठमोठ्याने हसत होते. मला आयुष्यात इतका आनंद कमी वेळा झालाय.

"मी या बाजूला कधी बसलो नव्हतो," मिस्टर पारजिटर मध्येच म्हणाले. "इथून चांगलं ऐकू येतं. ती म्हणायची, मला खोटं वाटायचं."

आमच्या गॅरेजसमोर गाडी थांबली आणि मी आठशे पौंड त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी खिशातून गाडीचे कागद काढले, बॉनेटवर सरळ केले आणि पेनाचं टोपण उघडलं. नव्या मालकाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. ते तसेच वाकून उभे राहिले. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग बघितलं तर त्यांचे कान लाल झाले होते.

एकोणीस वर्षं त्यांच्या घरी आलेलं प्रत्येक नाव मी वाचलं होतं. माझं नाव कधी कुठल्या पाकिटावर नव्हतं.

त्यांनी पेन कागदावरून उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"ग्वेंडा," मी म्हणाले. "ग्वेंडा लव्हरिज."

त्यांनी ते सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हळूच फुंकर घालत राहिले. मग आभाळाकडे बघितलं. निळं, स्वच्छ, कुठे कापसाएवढाही ढग नाही.

"ग्वेंडा," ते म्हणाले, "पाऊस येईलसं वाटतं."

"हो," मी म्हणाले. "तोवर आत या. चहा टाकते, आणि सामनाही संपायचाय अजून."